जुन्या पिकअपला नवा गिअरबॉक्स

काजूचा हंगाम आला, की पेडणे-डिचोलीच्या चढउतारांवर जुन्या पिकअप ओझे घेऊन निघतात. विलीज घराण्यातील या गाड्यांचा जुना गिअरबॉक्स तीन गिअरांचा. पहिल्याला सिंक्रो नसतो. उतारावर चालत्या गाडीत तो सहज पडत नाही. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरत नाहीत. म्हणून पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स बसविण्याचा विचार योग्यच, असे आम्हांस वाटते.

मात्र नुसती पेटी बदलून भागत नाही. बेलहाउसिंग, क्लचप्लेटचे दाते व प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळली पाहिजे. जुन्यात रिव्हर्स जेथे असतो, तेथे बहुतेक नव्यांत पहिला गिअर असतो; मागे न्यायची गाडी पुढे धावते. म्हणून आधी मोकळ्या मैदानावर सराव करावा.

जुन्या क्लचच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. वाहतूक खात्यातही आधी विचारावे.

मनोरा बांधणारा प्रथम बसून खर्चाचा हिशेब करतो, हा प्रभूचा दाखला (लूक १४) आपणही ध्यानी ठेवू या.