मुंबईत बर्फ पडला तर?

हॅमिल्टनमध्ये जानेवारीत बर्फ पडला, तर तुम्ही काय करता? फावड्याने दारातला बर्फ बाजूला करता, बूट घालता आणि शाळेत जाता. त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

जयंत नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ होते आणि ते विज्ञानकथाही लिहायचे. त्यांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो. ही कथा वाचताना तुमची थोडी अडचण होईल, कारण बर्फ तुमच्या रोजच्या ओळखीचा. म्हणून आधी मुंबईकर व्हा! घरात हीटर नाही. कपाटात जाड कोट नाही. मुंबईतली आजवरची सगळ्यात कडक थंडी म्हणजे ७.४ अंश सेल्सिअस, तीही १९६२ साली. आता खिडकी उघडा. सगळे रस्ते पांढरे! भीती वाटली ना?

विज्ञानकथा बहुतेक वेळा एकच गोष्ट बदलते आणि त्यामुळे बाकी काय काय बदलतं ते दाखवते. पण 'असं का झालं?' याचं उत्तरही तिला द्यावं लागतं. इथे जादू चालत नाही. उंचावरची हवा फारच थंड झाली की तिच्यात बारीक बर्फकण तयार होतात. ते हिऱ्याच्या भुकटीसारखे चमकतात आणि सूर्यप्रकाश परत पाठवतात. मग खाली पृथ्वी आणखी थंड होते. कथेतला शास्त्रज्ञ हा धोका आधीच सांगतो, पण त्याचं कुणी मनावर घेत नाही. मला तर बर्फापेक्षा हाच भाग जास्त भीतीदायक वाटतो.

कथा वाचण्याआधी आजीला किंवा भारतातल्या कुणालाही फोन करा आणि विचारा: तुमच्या गावात उद्या बर्फ पडला, तर सगळ्यात आधी काय बंद पडेल?