घोणसीच्या विषाचा ताळेबंद

ऊसतोडीचा हंगाम लागला की बीड जिल्ह्यातली कोयत्यावर जाणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. फडात पाचटाखाली उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे घोणस. चावा झाला की दवाखान्यात थोडं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, तर गोठण्याची क्रियाच विषाने मोडली आहे हे कळतं.

ती मोडतात विषातली प्रथिनं, आणि त्यांची नावनिशीवार नोंद मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, करून देतं. विषातली प्रथिनं वेगळी करून ट्रिप्सिन या विकरासह 37 अंशांवर रात्रभर ठेवतात. ट्रिप्सिन साखळी तोडतं ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशीच. हे तुकडे बारीक सुईतून, काही हजार व्होल्टच्या विजेखाली फवारले जातात. थेंब सुकतात आणि विद्युतभारित तुकडे निर्वातात शिरतात. प्रथिनांसाठी ही फवारणी साधणाऱ्या जॉन फेन यांना 2002 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

यंत्र आधी अख्ख्या तुकड्याचं वस्तुमान मोजतं, मग वायूच्या रेणूंवर आदळून तो फोडतं. लगतच्या तुकड्यांच्या वस्तुमानात 57 डाल्टनचा फरक आला तर तिथे ग्लायसिन, 71 आला तर अॅलानिन, 87 आला तर सेरिन. असा क्रम लावत प्रथिन ओळखलं जातं.

तेजपूर विद्यापीठातल्या आशिष मुखर्जी यांच्या गटाने पश्चिम भारतातल्या घोणसीचं विष असंच तपासून 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की साप एकाच जातीचा असला तरी प्रदेशागणिक त्याचं विष बदलतं, आणि प्रतिविषाचा गुणही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष दिलं जातं. ते घोड्यांच्या रक्तातून तयार होतं. त्यासाठी लागणारं विष मात्र मुख्यत्वे चेन्नईजवळच्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येतं.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. आज हाती असलेलं प्रतिविष जीव वाचवतं, म्हणून दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखानाच गाठायला हवा. पण ज्या फडात माणूस राबतो, तिथल्या सापाचं विषही प्रयोगशाळेत तपासलं गेलं पाहिजे आणि प्रतिविष त्याला लागू पडतं का, हे पाहिलं पाहिजे. यंत्रं आहेत, पद्धत सिद्ध आहे. ऊसतोड कामगाराचा एवढा हक्क आपण मानलाच पाहिजे.