हृदयाचा ताल चुकतो तेव्हा

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती सांगलीकरांना नव्या नाहीत. वल्ही एका तालात पडली, तरच होडी पुढे जाते. हृदयाच्या पेशींचेही तसेच. शेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४३ या प्रथिनाचे सूक्ष्म बोगदे असतात. ठोक्याचा विद्युत संदेश त्यांतूनच पुढे सरकतो. रक्तवाहिनी तुंबली, की प्राणवायूअभावी हे बोगदे मिटू लागतात. संदेश रेंगाळतो, भरकटतो. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते. हा धोका पहिल्या तासात सर्वाधिक. आणि माण-जतकडच्या वाडीवर तोच तास 'पित्त असेल' म्हणण्यात जातो! १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य आहे, लगेच बोलवावी. माणूस बेशुद्ध होऊन श्वास थांबलाच, तर ती येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे.