गणवेश उतरल्यावर

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ४५ सैनिकाला परवान्यातून सूट देते. पण ती कर्तव्यापुरतीच. रजेवरच्या सुभेदाराच्या खासगी पिस्तुलाला कलम ३ चा परवाना लागतोच. निवृत्तीनंतर तर तो जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे सामान्य अर्जदार ठरतो. सीमेवर ज्याच्या हाती शस्त्र दिले, त्याच्याच चारित्र्याची चौकशी आता पोलीस ठाण्याने करावी, हे माजी सैनिकांना खुपते. चौकशी गैर नाही. खरी अडचण विलंबाची. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बंदूक हवी असेल, तर पोटाचाच प्रश्न. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, एवढाच दिलासा. पोलीस अहवाल मुदतीत न आल्यास त्याविना निर्णय घेण्याची मुभा कलम १३ मध्येच आहे. ती वापरणे मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर.