केशर आणि त्याची शरदातली भावंडं

ऑक्टोबर सरत आला की काश्मीरमध्ये पांपोरच्या करेवांवर, म्हणजे तिथल्या सपाट उंचवट्यांवर, केशर फुलतं. ग्रीसमध्ये शरदातच ‘क्रोकस कार्टराइटिआनस’ फुलतो, तर तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या उतारांवर निळा-जांभळा ‘क्रोकस स्पेसिओसस’. तिन्ही एकाच प्रजातीचे, तिन्ही कंदावर जगणारे. पण बागेत शेजारी लावले की प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

स्पेसिओसस सर्वांत सोशिक. इंग्लंडच्या ओल्या हवेतही तो नेमानं फुलतो आणि बी व पिलकंदांच्या जोरावर गवतात पसरतो. फुलं आधी, पानं मागाहून. त्यामुळे आधाराविना उभी फुलं वाऱ्यापावसात आडवी होतात. एखादं फूल मुळापासून उकरून पाहावं. देठ वाटतो ती खरं तर पाकळ्यांचीच लांब नळी; बीजांडकोश खाली मातीत, कंदाजवळ. बी तयार होत आलं की बोंड वर येतं.

केशराला ही वाट बंद आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, एकूण 24 गुणसूत्रं. तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. 2019 मधल्या जनुकीय अभ्यासांनी त्याचं मूळ अथेन्सजवळच्या कार्टराइटिआनसमध्ये दाखवलं. म्हणजे इतकी शतकं हे पीक माणसानं कंद उपटून, वेगळे करून, पुन्हा लावूनच जगवलं आहे. केशराच्या भावापेक्षा मला याचंच जास्त अप्रूप वाटतं.

रोपवाटिकेत ‘ऑटम क्रोकस’ म्हणून कोल्चिकमही विकतात. तो विषारी आहे. पुंकेसर मोजावेत: क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा.

थंड, ओल्या उन्हाळ्यात केशर नुसती पानं काढतं. कंदात कळी धरायला साधारण 23 ते 27 अंशांची ऊब लागते आणि ती बाहेर यायला 17 अंशांच्या आसपासचा गारवा. महाराष्ट्रात बंद खोल्यांत केशर घेणारे हेच गणित यंत्रांनी जमवतात. तिथे ट्रेमध्ये मातीविना फुलं येतात ती कंदातल्या साठ्यावर. पुढे तेच कंद मातीत लावून हिवाळाभर पानांना भरपूर उजेड द्यावा लागतो, तेव्हा नवे कंद पोसतात. म्हणून खोलीतलं केशर पाहायला गेलात, तर पहिल्या वर्षाच्या फुलांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या कंदांचं वजन विचारा.