डिपस्टिक हलत नाही तेव्हा

जुन्या गाडीचं बोनेट उघडावं, डिपस्टिकच्या कडीत बोट अडकवून ओढावं आणि ती जागची हलूच नये, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. खरं तर ती ऑइलची पातळी बघायची स्टीलची एक पातळ, लवचिक पट्टी. तिला आटे नाहीत, नट नाही, कुलूप नाही. तरीही धट्टाकट्टा माणूस जोर लावून थकतो. तिला इतकं घट्ट धरून ठेवतं कोण? बहुतेक वेळा करंगळीच्या नखाएवढी एक रबरी ओ-रिंग. ती अशी का वागते हे कळलं, तर पट्टी न मोडता बाहेर काढता येते.

डिपस्टिक ज्या नळीत उतरते ती नळी थेट इंजिनाच्या पोटात उघडते. तिथे चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं. इंजिन चालू असताना सिलिंडरमधला थोडा जळका वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली झिरपतो, ऑइलची वाफ आणि बारीक तुषार तिथे घुमत असतात. नळीचं वरचं तोंड उघडं राहिलं तर ही वाफ बाहेर पडेल आणि धूळ आत जाईल. पुष्कळ इंजिनांत तर आत येणाऱ्या हवेचं मोजमाप होत असतं. अशा इंजिनात या नळीतून चोरटी हवा शिरली की उभ्या गाडीचं इंजिन अडखळायला लागतं. म्हणून पट्टीच्या वरच्या टोकाशी ओ-रिंग बसवलेली असते.

ओ-रिंगचं आजचं रूप घडवलं नील्स क्रिस्टेन्सेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन संशोधकाने. १९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याचं वय ७२ होतं! रबराचं गोल कडं खाचेत किंचित दाबून बसवायचं, एवढीच कल्पना. दाबलेलं रबर मूळ आकाराकडे परतायला बघतं, म्हणून भिंतीला सतत रेटत राहतं, आणि त्या रेट्यामुळेच फट बंद होते.

पण साधं रबर इथे टिकत नाही. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगतं आणि भुसभुशीत होतं. १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं. त्याच्या रेणूंमधल्या नायट्राइल गटांमुळे तेलाचे रेणू त्यात सहज शिरू शकत नाहीत. गाड्यांमधल्या असंख्य ओ-रिंग याच रबराच्या असतात. सायकलच्या ट्यूबची रिंग कापून डिपस्टिकला बसवण्याचा जुगाड फसतो तोही यामुळेच. ट्यूबचं रबर हवा छान धरतं, तेलात मात्र फुगतं.

नायट्राइललाही म्हातारपण येतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या लांब रेणूंना एकमेकांशी नव्या बंधांनी जोडत जातो. जितके बंध जास्त, तितकं रबर कडक. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३० अंशांच्या मानाने ८० अंशांना रबर ३२ पट वेगाने म्हातारं होतं! बोनेटखाली रोज तापणारी रिंग काही वर्षांत ताठ का होते, हे यावरून लक्षात येतं. तिचा परत फिरण्याचा गुण संपतो आणि ती नळीच्या तोंडाचाच आकार घेऊन बसते.

तिकडे ऑइलही बदलत असतं. त्याची वाफ नळीच्या थंड भागावर जमते, ऑक्सिजन आणि उष्णता मिळून तिचा तपकिरी, चिकट थर बनवतात. लाखेने दार सीलबंद करावं तशी रिंग आणि नळी जोडली जातात. नळी लोखंडी असेल तर तोंडाशी गंजही भर घालतो.

कधी नळीच दगा देते. फोल्क्सवॅगनच्या १.८ लिटर टर्बो इंजिनात नळीचं वरचं नरसाळं प्लॅस्टिकचं होतं. पहिल्या पिढीच्या काही स्कोडा ऑक्टाव्हियांमध्ये हेच इंजिन होतं. वर्षानुवर्षं तापून हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं. तिथे हिसका मारला की पट्टी निघायच्या आधी नरसाळंच तडकतं, आणि त्याचे तुकडे नळीत पडण्याचा धोका असतो.

म्हणून जोर सगळ्यात शेवटी. इंजिन थोडं चालवून बंद करा आणि हाताला सोसेल इतकं कोमट होऊ द्या. ऊब मिळाली की चिकट थर सैल होतो. मग नळीच्या तोंडाभोवतीची माती कापडाने नीट पुसा, नाहीतर पट्टी सुटताच ती आत जाईल. तोंडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. फवारा मारू नका, ते तेल शेवटी चेंबरमध्येच उतरतं.

आता लगेच ओढू नका, आधी कडी डावी-उजवीकडे थोडीशी फिरवा. सरळ ओढताना रिंगच्या सगळ्या कडेवरची चिकट पकड एकदमच तोडावी लागते. फिरवल्याने ती अगदी थोड्या हालचालीत सुटते. पट्टी वाकड्या नळीतून गेलेली असते, म्हणून पूर्ण वेढा देऊ नका. पकड सुटली की एका हाताने नळी धरा आणि दुसऱ्या हाताने नळीच्याच रेषेत पट्टी ओढा. नळी बऱ्याचदा इंजिनात नुसती ठोकून बसवलेली असते. धरली नाही तर तीच उपटून येते.

प्लॅस्टिकची कडी तुटली तर पट्टीचं उरलेलं टोक पकडीने धरा, ड्रिल लावू नका. पट्टीचा तुकडा खाली गेला असेल तर इंजिन सुरू न करता मेकॅनिककडून चेंबर उतरवून घ्या. आणि पट्टी अजिबात हलत नसेल तर ऑइलची पातळी अंदाजावर सोडू नका. सगळं ऑइल काढून, फिल्टर बदलून कंपनीने सांगितलेलं माप भरा, म्हणजे निदान तेवढ्यापुरती पातळी खात्रीची राहील.

पट्टी निघाली की जुनी रिंग हातात घेऊन चिमटीत दाबा. ती एका अंगाने चपटी झालेली असेल, दाबून सोडली तरी परत गोल होणार नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला होता. शिकंजा सोडल्यावर ते रबर लगेच परतलं नाही. तिथे दोष थंडीचा होता, इथे उष्णतेचा आणि वयाचा. हरवलेला गुण मात्र एकच, दाब सुटल्यावर परतण्याचा.

नवी रिंग त्याच मापाची आणि तेल सोसणाऱ्या रबराचीच घ्या. बसवण्याआधी तिच्यावर इंजिन ऑइलचं बोट फिरवा. मग महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी काढा, पुसा, परत घालून पातळी बघा. पातळी तर कळेलच, शिवाय रिंग दर महिन्याला थोडी हलत राहील आणि चिकट थराला घट्ट बसायला वेळच मिळणार नाही.