छायाचित्रासाठी पाणी तोडू नका!
छायाचित्रणाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करण्याची प्रथा शरीरसौष्ठवपटूंमध्ये आढळते. त्वचेखालचे पाणी आटले की स्नायू रेखीव दिसतात, ही त्यामागची समजूत. वस्तुतः स्नायूंचा सुमारे ७५ टक्के भाग पाणीच असतो. ते घटल्यास स्नायूही सपाट दिसू लागतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत शरीरसौष्ठवपटू नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. लघवी वाढविणारी औषधे त्यास कारणीभूत मानली गेली. रेखीवपणा येतो तो काही आठवडे सावकाश चरबी घटविल्याने. आदल्या दिवशी भात-बटाट्यासारखा पिष्टमय आहार व नेहमीइतके पाणी घ्यावे. कॅमेऱ्यासमोर जाण्यापूर्वी हलका व्यायाम करावा. प्रकाश बाजूने घेतल्यास स्नायूंचे उठाव स्पष्ट होतात. चक्कर वा पेटके आल्यास मात्र छायाचित्रण थांबवून डॉक्टरांना गाठावे.